कपाळावरची हद्द

पेणजवळच्या जोह्यातल्या एका मूर्तींच्या कारखान्यात सकाळपासून माणूस मावत नव्हता. अर्धवट रंगलेल्या गणपतींच्या रांगेत माझी भाची सरू पाटावर बसली होती. कपाळाच्या उजव्या बाजूला भुवईपासून केसांपर्यंत लालभडक फोड. समोर गावचा मांत्रिक जनूबुवा, हातात गेरूची वाटी.

"नागीण हाय! आज हिकडं, उद्या तिकडं. तोंडाला शेपूट मिळाली की बाई गेली!" बुवाने गर्दीवर नजर फिरवली. "पन ही आपली हद्द!" आणि भांगापासून नाकापर्यंत बोटाने गेरूची रेघ ओढली. "सात दिस गावाची वेस वलांडायची नाय. डाक्तरची गोळी घेतली तर नागीण खवळंल. मंग मला इचारू नका."

मी रोह्याच्या एका वाचनालयात चाळीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. त्यातल्याच एकात वाचलं होतं, की नागीण उठलेल्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळा धोक्यात असतो. सरूच्या नाकावर तसा फोड होता. तिचं काम मूर्तींचे डोळे आखायचं. कारखान्यात रंग मारणारे पुष्कळ, डोळे आखणारी ती एकटी.

"दवाखान्यात नेऊ या," मी म्हणालो. फार हळू म्हणालो.

"मामा, तुमी पुस्तकांना पुठ्ठं लावा," सरूची सासू ठमाबाई म्हणाली. "नागीण काय वाचून उतरते व्हय?"

लोक हसले. मी काही डॉक्टर नव्हे; चुकलो तर काय, असं वाटून गप्प बसलो.

सातव्या दिवशी पुन्हा गर्दी. फोड रेघेपाशी थांबले होते, पलीकडचं कपाळ कोरं. "बघा! मुंगीएवढी तरी पुढं सरकली?" बुवा गरजला. टाळ्या पडल्या, नारळ फुटले. सरूला उजव्या डोळ्याने नारळ दिसत नव्हता.

मग मी तिला पेणला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर मृणालीताईंनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. "पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू केलं असतं तर बहुधा नजर राहिली असती, काका. हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी येतो आणि मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो. जागा झाला की पेशीच्या अंगावरची ग्राही प्रथिनं, म्हणजे दाराच्या कड्याच, धरून आत शिरतो. मग त्याच पेशीच्या अंगावर स्वतःचं ग्राही प्रथिन उभं करतो. आपली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, कोयत्यासारखी धावून येतात, तर विषाणूचं हे प्रथिन त्यांची मूठच पकडतं. धार वाया जाते."

"आणि रेघ?"

"उजवा मज्जातंतू कपाळाच्या उजव्या अर्ध्यातच फिरतो. विषाणू त्याच्यावरूनच त्वचेत उतरतो, म्हणून मधोमध थांबतो. रेघ मारा, नाही तर मारू नका. काही आठवड्यांत फोड आपोआप सुकतात आणि बुवा जिंकतो."

त्यांच्याकडून मी बारा रुग्णांचे फोटो घेतले आणि कारखान्यात नेऊन मांडले. बाराही जणांची नागीण कपाळाच्या मध्यावर थांबलेली, गेरूचा ठिपका कुठे नाही.

"यांना कोणत्या बुवानं हद्द घातली?" मी विचारलं. या वेळी आवाज मोठा होता.

ठमाबाईने एक फोटो उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "फोटो काढायच्या टायमाला गेरू पुसला आसंल."

"शेरात माजे चेले हायेत," बुवा म्हणाला, आणि हशा पिकला.

मी सरूकडे पाहिलं. तिच्यापुढच्या मूर्तीचा एक डोळा जागेवर होता, दुसरा गालाकडे घसरलेला. तिने तो तिसऱ्यांदा फडक्याने पुसला. मालकाने सांगितलंच होतं, उद्यापासून तिने मूर्तींना फक्त पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारायचा.

"जाऊ दे ना मामा," ती म्हणाली. "डोळा गेला, पन बुवानी जीव तर राखला."

कारखान्यातला एकही माणूस माझ्यामुळे बदलला नाही. गेल्या आठवड्यात जनूबुवाला कोलाडहून बोलावणं आल्याचं कानावर आलं.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगतो. अंगावर एकाच बाजूला दुखऱ्या फोडांचा पट्टा उठला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कपाळावर किंवा नाकावर असेल, तर डोळ्यांचा डॉक्टर. आणि दुसऱ्याच्या घरी हे दिसलं तर मोठ्याने बोला. लोक हसतील. हसू द्या.