माफक नकार

गोपाळकृष्णपंतांना 'माफक' शब्दाचा अर्थ कुणी विचारू नये, आणि विचारलाच तर घरी लवकर जायची आशा सोडावी. मूळ अरबी, मुवाफिक. म्हणजे जुळणारं, मानवणारं. ग्वाल्हेरचे हिंदी लोक 'यहाँ का पानी माफिक नहीं आया' म्हणतात ते मुळाला धरून. 'बेताचं, थोडकं' हा अर्थ लावला तो आपण मराठी माणसांनी. वनमालाबाई हे व्याख्यान लग्नापासून ऐकत होत्या. त्यांच्या मते संसाराला तो अर्थ एकट्या त्यांच्या नवऱ्यानेच लावला होता.

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला आणि पंत नोकरीला होते ते दरबारचं भाषांतर खातं मोडीत निघालं. खात्याबरोबर सरकारी घरही जाणार होतं. पण पंतांसारखा फारसी, मराठी, हिंदी जाणणारा दुसरा नव्हता, म्हणून नवे सचिव दौलतसिंह एका रविवारी स्वतः घरी आले.

"पंडितजी, नया कोश विभाग आप सँभालिए," चहा झाल्यावर ते म्हणाले.

दाराआड वनमालाबाईंना वाटलं, सुटलो.

"मेरी क्या योग्यता? किसी और को देखिए," पंत म्हणाले.

दरबारची रीतच तशी. मोठ्यांनी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मान लववायची. पहिल्याच शब्दाला हात पुढे करील तो हावरा. पण दौलतसिंह कानपूरकडचे, त्यांनी दरबार कुठे पाहिला होता? "जैसी आपकी इच्छा," म्हणून ते नमस्कार करून गेले.

"परत विचारतील," पंत म्हणाले आणि वाट पाहत बसले. वनमालाबाईंनी विनवण्या केल्या, मग तोंडाला येईल ते बोलल्या. "मागायला जाणं बरं दिसत नाही," एवढंच उत्तर. घर रिकामं करायचा हुकूम आला तेव्हा त्या स्वतः टांगा करून कचेरीत गेल्या.

दौलतसिंह अदबीने उठले. "बहनजी, उन्होंने तो साफ मना कर दिया था. मैं तो सबको उनकी मिसाल देता हूँ." ती जागा श्रीपादला दिली होती. त्याला फारसी शिकवली होती ती पंतांनीच. आता त्याच्या हाताखाली नकला उतरवणाऱ्याची एक जागा उरली होती. ती घेतली तर घर राहणार होतं.

"तू मागायला गेलीस?" पंत कडाडले.

"गेले. तुमचं नको म्हणणं कळणारे सगळे केव्हाच गेले. आता नको म्हणजे नकोच समजतात लोक."

दुसऱ्या दिवशी श्रीपाद आला. पाया पडला, पण त्याची नजर वर उठेना. "गुरुजी, नकला उतरवायचं काम, तुम्हाला विचारायचीसुद्धा मला शरम..."

आता तरी हा माणूस नको म्हणेल, वनमालाबाईंना वाटलं. एकदा, मनापासून.

"उद्यापासून येतो," पंत म्हणाले. त्याचं बोलणंही त्यांनी पुरं होऊ दिलं नाही.

घर राहिलं. वनमालाबाईंना त्या क्षणी ते नको झालं होतं.