दोन्हीकडे चालणारं नाव

कुत्र्यांचे केस कापण्याच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. माणसांपेक्षा कुत्री बरी, असं म्हणत फिरणाऱ्यांतली मी नाही. कुत्रीही चावतात. पण ती थापा मारत नाहीत. त्या दुपारी माझ्या बाकावर बसलेला माणूस थापा मारतोय, हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. कळूनही मी दीड तास गप्प राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं.

पूडल त्याने बगलेत धरलं होतं, एखादं पार्सल धरावं तसं. कपडे कडक इस्त्रीचे, आवाज गोड. केस वाढून कुत्र्याचा नुसता गोळा झाला होता; डोळे कुठे, शेपूट कुठे, शोधावं लागत होतं. सगळे केस मुळापासून काढा, तो म्हणाला, फार उकडतं त्याला. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते. गिऱ्हाइकाच्या तोंडी लागायचं नाही, हे मी रोज ठरवते आणि रोज मोडते. नेमकं त्या दिवशी पाळलं.

मी कार्ड पुढे सरकवलं. नाव, वय, नर की मादी. नाव कशाला हवं, त्याने विचारलं. तेव्हा मी त्याला दुकानाचा नियम सांगितला. फार पूर्वी माझ्या हातून दोन पांढऱ्या पूडलची अदलाबदल झाली होती आणि दोन्ही घरांनी मिळून माझी सालटी काढली होती. तेव्हापासून मी कुत्रं उचलून कुणाच्या हातात देत नाही. आतल्या खोलीचं अर्धं दार उघडते, मालकाने बाकावरूनच हाक मारायची, आणि कुत्रं आपण होऊन त्याच्याकडे गेलं तरच पट्टा त्याला मिळतो.

तो हसून म्हणाला, "नाव अजून ठेवलंच नाहीये. तुम्हीच सुचवा की. जुनं, वजनदार हवं. आणि मुलाला, मुलीला, दोन्हीकडे चालेल असं."

पोटातल्या बाळासाठी अशी नावं शोधणारे मी पाहिलेत. पण हे कुत्रं तर समोर बसलं होतं. किती दिवसांपासून आहे, मी विचारलं. चार वर्षं, तो म्हणाला. चार वर्षं बिननावाचं? "आम्ही 'इकडे ये' म्हणतो." आणि नर की मादी? त्याने कुत्र्याकडे पाहिलं. त्या केसांच्या गोळ्यात काही दिसेना. "लिहा तुम्हीच बघून," तो म्हणाला.

चार वर्षं घरात असलेलं कुत्रं पोरगा आहे की पोरगी, हे ज्याला माहीत नाही, त्याला दोन्हीकडे चालणारंच नाव लागणार. तरी मी नावं सांगत गेले. सुमन, किरण, कमल, शशी. 'शशी'वर त्याने मान डोलावली. कार्डावर अक्षर सुरेख काढलं आणि नर-मादीचा रकाना कोराच ठेवला.

आत टबमध्ये पाणी सोडलं आणि कुत्र्याने हनुवटी माझ्या मनगटावर टेकवली. माझ्या हातातला साबण खाली पडला. असं करणारं एकच कुत्रं माझ्याकडे येतं. तरी खात्री करावी म्हणून डाव्या कानावरचे केस बाजूला केले. कडेला तांदळाएवढी खाच होती. ती माझीच करणी; तीन वर्षांपूर्वी कात्री निसटली होती आणि मी कुत्रीपेक्षा जास्त रडले होते.

ही बटण होती. घड्याळबाईंची बटण.

घड्याळबाई हे मी ठेवलेलं नाव. छापखान्यात चुका तपासून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तीनच्या ठोक्याला माझ्या दारात हजर. बटणचं आवरून झालं की बाकावर बसून हाक मारायच्या, आणि ती धावत येते कशी, याचा दर वेळी फोनवर व्हिडिओ घ्यायच्या. माझा जुना ड्रायर मागे चूं-चूं करत असायचा. "तुमचा उंदीर बंद करा हो, सगळं त्याचंच ऐकू येतं," त्या चिडवायच्या. शेवटी मी तो भंगारात दिला आणि बिनआवाजी नवा आणला. तो त्यांना दाखवायचाच राहिला, कारण त्यानंतरचे दोन मंगळवार त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दुकानात जायला लागल्या असतील, म्हणून मी मनातल्या मनात रुसून बसले. एक फोन करायला काय झालं होतं मला?

केस मी थोडेच काढले. नखं कापली, अंग कोरडं केलं. बटण सारखी दाराकडे बघत होती. मग पट्टा हाताला दोन वेढे घेऊन मी अर्धं दार उघडलं.

"शशी," त्याने हाक मारली. "शशी, ये." बटण खाली बसली. त्याने चुटकी वाजवली, टाळी वाजवली. ती माझ्या पायाला चिकटली.

"हिचं नाव बटण आहे," मी म्हणाले. "हिच्या बाई कुठे आहेत?"

तो गडबडला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. सावकाश म्हणाला, की बाई त्याची मावशी. आजारी आहे, त्याच्याकडेच असते, दुखण्याच्या गोष्टी चारचौघांत कशाला, म्हणून बोलला नाही. मी म्हटलं, फोन लावा, मला बोलायचंय. तो भिंतीकडे तोंड करून फोनवर काहीतरी करत राहिला. मग पडदा स्वतःकडे ठेवून फोन माझ्याकडे धरला.

"बटण, ये गं. चल, घरी जाऊ."

त्यांचाच आवाज. बटण अशी उसळली की पट्ट्याचे वेढे मनगटात रुतले. ती त्याच्या गुडघ्यांवर चढून फोन चाटायला लागली. मालकाच्या हाकेला कुत्रं गेलं. नियमाप्रमाणे पट्टा आता त्याचा. खरं सांगते, मला हायसं वाटलं. बाई आहेत, बोलतायत, आणखी काय हवं? मी वेढे सोडवू लागले.

"बाई, कशी आहे तब्येत?" मी विचारलं.

"ये गं माझी पोर," आवाज म्हणाला. "बघा, आली की नाही?"

आणि त्या आवाजामागे, बारीक पण स्पष्ट, चूं-चूं ऐकू आलं.

दोन महिन्यांपूर्वी भंगारात गेलेला माझा ड्रायर.

त्याने अंगठ्याने फोन बंद केला. "रेंज नाही इथे," तो म्हणाला आणि पट्ट्यासाठी हात पुढे केला.

"नखं राहिलीत," मी म्हणाले. बटणला ओढत आत नेलं, पूर्ण दार लावलं, कडी घातली, टेबल आडवं सरकवलं आणि पोलिसांना फोन केला. पत्ता दोनदा सांगावा लागला. पाच मिनिटांत येतो म्हणाले.

बाहेर त्याने दार ठोठावलं नाही. आरडाओरडाही केला नाही. बाक करकरला, म्हणजे तो पुन्हा बसला होता. "शशी," तो हळूच म्हणाला. "शशी." बटणने कान हलवला नाही. मी तिला कुशीत घेऊन फरशीवर बसले आणि देवाचं नाव घेतलं.

मग बाक पुन्हा करकरला. आणि दाराच्या फटीतून, अगदी जवळून, त्यांचा आवाज आला.

"बटण, ये गं. चल, घरी जाऊ."

बटण माझ्या हातातून निसटली आणि ताज्या कापलेल्या नखांनी दार खरवडायला लागली. मी तिला मागे ओढलं, ती पुन्हा गेली. तिचं कसं चुकलं म्हणू? बाई बोलवत होत्या. पलीकडे व्हिडिओ संपला की तो पुन्हा सुरू होत होता.