दिव्याला टोपी

नाटक सुरू व्हायला थोडाच अवकाश होता आणि श्रियाची आजी फाटकातच अडून उभी होती.

"मी नाही यायची," कुमुदिनीआजी म्हणाली. "काल याच पायरीवर पाय चुकला. आज हाड मोडलं म्हणजे?"

श्रिया रडकुंडीला आली. स्नेहलतागंज मोहल्ल्याच्या गणेशोत्सवातल्या नाटकात ती पहिल्यांदाच उंदीर होणार होती, आणि शेपटी जिने शिवली तिनेच नाटक बघायचं नाही? मांडव गल्लीपलीकडे, मध्ये फक्त ती एक पायरी.

मंडळाचे विक्रांतकाका शिडी घेऊन धावत आले. "टेन्शन नाही, आजीजी! काल समोरच्या खांबावर फ्लडलाइट लावला, तो कम पडला असेल. दुसरा लावतो. एकदम दिन कर देंगे!"

दुसरा दिवा पेटला. पांढराफेक झोत थेट तोंडावर आला. आजीने डोळे गच्च मिटले.

"अरे विक्रांत, आता पायरीच काय, तूसुद्धा दिसत नाहीस!"

"तो फायदाच समजा," काका हसले, पण शिडी उतरताना त्यांचाही पाय चाचपडला.

घाम पुसायला श्रियाने पुठ्ठ्याचा मुखवटा कपाळावर सरकवला. उंदराचं लांब नाक डोळ्यांवर छपरासारखं आलं आणि ती किंचाळलीच.

"आजी! पायरी दिसली! तिच्यावरची रांगोळीसुद्धा!"

मुखवटा काढला, पायरी गायब. लावला, पायरी हजर! तिने तो झटकन आजीच्या कपाळावर टेकवला.

"अगंबाई, खरंच की! उजेड पायरीवर पडायला हवा, तर हा मेला डोळ्यांत शिरतोय."

"काका, दुसरा बंद करा! आणि पहिल्याला टोपी घाला ना, जल्दी!"

"दिव्याला टोपी? वा भिया, उंदराचं डोकं चाललं!" काका लहानथोर सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊच, म्हणायचे.

हसत हसत काका पुन्हा चढले. दुसरा दिवा बंद केला, पहिल्याचं तोंड खाली वळवलं, वर शेवेच्या डब्याचं पत्र्याचं झाकण तारेने बांधलं. झोत जमिनीवर उतरला. पायरीची कड रेघेसारखी उठून दिसली, आणि गल्लीतल्या काळ्या आकृत्यांना एकदम चेहरे आले.

श्रियाने हात पुढे केला.

"हात नको, दिसतंय मला." आजीने पाऊल टाकलं. ठाम. मग मुखवटा काढून नातीच्या हातात दिला. "पळ! आणि नाक सरळ लाव, नाहीतर लोक गेंडा समजतील!"

श्रिया मांडवाकडे सुसाट धावली. मागून आजीच्या चपला फटफट वाजत येत होत्या, कुठेही न अडखळता.