वाचण्याआधीच ‘निकाली’

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. मूठ लाकडाची, तोंड रबराचं आणि तोंडावर तीनच अक्षरं: ‘निकाली’. ज्या कारागिरानं मला कोरलं, त्यानं मला आधी स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिलं आणि म्हणाला, “वा, काय ठसठशीत आहे!” त्या कौतुकाची आज मला लाज वाटते.

एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात माझी नेमणूक झाली. खाली वाफ, ओल्या चादरींचे ढीग आणि यंत्रांची घरघर, वर कार्यालय. कामगारांची तक्रार वर आली की तेव्हाच्या पर्यवेक्षक बाई पदर खोचून खाली जायच्या, ज्या यंत्राची तक्रार असेल त्यावर अर्धा दिवस स्वतः राबायच्या, माणूस वाढवायच्या आणि मगच मला हात लावायच्या. कधी कधी आठवडाभर मी कोरडाच राहायचो. पण तेव्हा माझ्या शब्दाला किंमत होती.

मग नवे साहेब आले. त्यांना महिन्याच्या अहवालात ‘प्रलंबित तक्रारी: शून्य’ हवं असे. तक्रार कशी मिटली, हे कोणी विचारत नव्हतं. मला वापरायचे ते कारकून. त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही बोकांडी तिघांचं काम होतं. वेळ वाचवायला त्यांनी एक युक्ती काढली. सकाळी निवांत असताना तक्रारीच्या कोऱ्या अर्जांचा अख्खा गठ्ठा समोर घ्यायचा आणि आधीच धडाधड शिक्के मारून ठेवायचे. मीही निमूट उमटत राहिलो.

इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर दोन बायका लागतात. एकीनं चादर आत सारायची, दुसरीनं पलीकडून ओढायची. एक निवृत्त झाली, तिच्या जागी कोणी आलं नाही. उरलेल्या काकू एकट्याच यंत्राभोवती प्रदक्षिणा घालू लागल्या. एके दिवशी त्या वर आल्या. मनगट सुजलं होतं.

“मास्तर, अर्ज द्या. जोडीला माणूस मागायचाय.”

मास्तरांनी मान वर न करता अर्ज दिला. काकूंनी तो उलटसुलट पाहिला.

“अहो, मी अजून नावसुद्धा लिहिलं नाही आणि वर ‘निकाली’? तुम्हाला काय रात्री स्वप्न पडलं?”

“थांबा काकू, कोरा देतो,” म्हणत मास्तरांनी गठ्ठा उपसला. एकही कोरा निघाला नाही.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “तुमचा शिक्का मोठा ज्ञानी. न ऐकताच सगळं कळतं त्याला.”

त्या काही न लिहिताच खाली गेल्या. तिसऱ्या दिवशी चादर अडकली. पलीकडे ओढायला कोणी नव्हतं. सोडवायला गेलेला काकूंचा हात चादरीबरोबर तापल्या रोलरखाली गेला. चार बोटं भाजली.

साहेब म्हणाले, “तक्रारच नव्हती, तर आम्हाला कळणार कसं?”

तेव्हा मास्तर उठले. साध्या कागदावर त्यांनी सगळं लिहिलं: काकू आल्या होत्या, त्या रिकाम्या हातानं का परतल्या, गठ्ठ्यावर आधीच शिक्के कोणी मारले. खाली सही केली, कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “आधी खाली चला. मग बोलू.” त्या आठवड्यात रोलरवर काकूंच्या जागी एक आणि तिच्या जोडीला दुसरी, अशा दोघी उभ्या राहिल्या. एवढंच करायचं होतं हो! एवढंच!

मास्तर तो कागद आणि मला घेऊन काकूंकडे गेले. “जोडीला माणूस दिला, काकू. आता शिक्का मारू?”

काकूंनी पट्टी बांधलेला हात वर केला. “ही बोटं वळायला लागली की मारा.”

ती बोटं अजून वळलेली नाहीत. दर महिन्याच्या अहवालात आता ‘प्रलंबित: एक’ असं जातं. साहेब चिडतात, पण मास्तर मला त्या कागदाजवळ नेत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या कोणाच्या तरी टेबलावर माझ्यासारखा एखादा शिक्का असेल. त्याला पुसून लख्ख ठेवलं नाहीत तरी चालेल. फक्त तो उचलण्याआधी जिना उतरून खाली जाऊन या. आम्हाला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.