शारवच्या सहा घोड्यांचा खोकला

"सहाच्या सहा नमुन्यांत फ्लू नाही," प्रयोगशाळेतली बाई फोनवर म्हणाली, आणि दुल्मा जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवरच बसली.

"परत सांगा."

"नाही गं बाई, नाही. पण ऐक. ताप नाही, फ्लू नाही, तर मग खोकला कशाचा? एका तपासणीवर भरवसा ठेवू नकोस. दुसऱ्यांदा नमुने पाठव. तोवर ते घोडे कळपात सोडायचे नाहीत."

फोन बंद झाला. दुल्माच्या मानेवरचं ओझं निम्मं उतरलं. निम्मंच.

नादामच्या सणातली घोड्यांची शर्यत चार दिवसांवर आली होती. आसपासच्या गवताळ रानातून तीनशे घोडे एकाच माळावर जमणार, एकाच हौदात तोंड घालणार, एकमेकांच्या नाकाशी नाक लावणार. फ्लूला आणखी काय हवं? तालुक्याची पशुवैद्य म्हणून दुल्माने तीन दिवसांपूर्वी वर कळवलं होतं: घोडे तयार करणाऱ्या शारव उस्तादाचे शर्यतीचे सहाही घोडे खोकतायत, नमुने पाठवलेत, निकाल येईपर्यंत शर्यत भरवू नका. तेव्हापासून तालुक्यात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. दुकानदारीण सुटे पैसे हातात न देता फळीवर आदळत होती.

राजधानीत बसून "अश्वरोग देखरेख" हे शब्द छापणं सोपं असतं. देखरेख म्हणजे नमुन्यासाठी घोड्याच्या नाकात वीतभर काडी घालायची आणि लाथ चुकवायची. रोग सापडला की रोग आणणाऱ्याला कोणी विचारत नाही, शोधणारीला विचारतात.

तेवढ्यात तालुकाप्रमुख गोंचिग जीपमधून उतरला. बातमी त्याच्याकडे आधीच पोचली होती.

"झालं ना समाधान? आता अहवालात 'निरंक' लिही आणि मोकळी हो."

"खोकला निरंक नाही."

"अगं, प्रयोगशाळा नाही म्हणते!"

"प्रयोगशाळा फ्लू नाही म्हणते. खोकला माझ्या कानांनी ऐकलाय. तो कशाचा ते कळल्याशिवाय लिहिणार नाही."

"माजली आहेस तू."

"हो. नऊ वर्षांपूर्वी नव्हते, म्हणून तुमच्या आधीच्या साहेबांनी सांगितलं तिथे निरंक लिहिलं. त्या साली किती शिंगरं पुरली, विचारा कोणालाही. साहेब बढती घेऊन गेले. कागदावर सही माझी आहे."

गोंचिगने जीपचं दार आपटलं. दुल्माने मोटारसायकल काढली.

शारव उस्तादाचं ठाणं टेकडीपलीकडे होतं. साठीचा माणूस, बोटं दोरासारखी पिळदार, जीभ त्याहून जास्त. त्याचे घोडे नेहमीप्रमाणे दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोरीला बांधलेले, उघड्या वाऱ्यात. दुल्मा दिसताच तो ओरडला, "आलीस? आता कुठे काडी घालायची राहिलीय?"

"शारवकाका, फ्लू नाही निघाला."

म्हाताऱ्याने घोड्याच्या मानेवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. दुल्माने दुसरीकडे पाहिलं.

"मग शर्यत?" त्याने नाक पुसत विचारलं.

"खोकला कशाचा, ते आधी सांगा. काय चारता? ठेवता कुठे?"

"ते नाही सांगायचं."

"काका!"

"अगं पोरी, कोणता उस्ताद सांगतो? घोडा कसा तयार केला हे मी बायकोला सांगितलं नाही."

असंच होतं सगळ्यांचं. शर्यतीच्या महिन्यात उस्ताद आपल्या ठाण्यामागे कुत्रंसुद्धा फिरकू देत नाही. दुल्मा येणार म्हटलं की घोडे बाहेर दोरीला आणायचे, ती गेली की परत आत. ती तीनदा येऊन गेली होती आणि तीनदाही तिने दोरीवरचेच घोडे पाहिले होते. या मूर्खपणाबद्दल तिला स्वतःचाच संताप आला.

काळ्या आयाळीचा तांबडा कुमैत घोडा खोकला. कोरडा, खरखरीत. दुल्माने त्याच्या आयाळीत नाक खुपसलं. घामाचा वास यायला हवा होता. आला तो धुराचा.

ती तडक ठाण्यामागे निघाली. शारव आडवा आला. "तिकडे जायचं नाही!"

"मग शर्यतीलाही जायचं नाही."

तो बाजूला झाला.

मागे शेळ्यांची हिवाळी खोली होती, लाकडी, ठेंगणी, फटींत लोकरीचा नमदा कोंबलेला. दार उघडताच दुल्माचे डोळे झोंबले. जमिनीवर ढोपरभर वाळक्या लेंड्यांची भुकटी, मधोमध लोखंडी घमेलं, त्यात आर्त्सच्या झुडपाचा धूप धुमसत होता. पूजेला लोक चिमूटभर जाळतात. इथे पोतंभर जळालं होतं.

"हे काय आहे?"

"तूच रेडिओवर बोललीस ना? फ्लू येतोय, घोडे वेगळे ठेवा, दुसऱ्या घोड्यांचा वारा लागू देऊ नका. नाही लागू दिला वारा! वर दिवसातून तीनदा धूप, रोग जवळ फिरकू नये म्हणून."

दुल्मा हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून. शारव खवळला. "हसतेस काय?"

"काका, तुम्ही घोडे सुकवायला घातले! मटणासारखे धुरावर टांगले!"

"म्हणजे... मीच?"

"तुम्ही. आणि थोडी मी. वेगळे ठेवा म्हटलं, उघड्यावर ठेवा म्हणायचं राहिलं."

म्हाताऱ्याने घमेलं उचललं आणि शिव्या देत धूप वाळूत उपडा केला. कोणाला शिव्या देत होता ते त्यालाच ठाऊक. दुल्माने पुन्हा सहा नाकांत सहा काड्या घातल्या, एक लाथ मांडीवर घेतली आणि नमुने बर्फाच्या डब्यातून बसवाल्याकडे धाडले.

तीन दिवस घोडे उघड्या माळावर राहिले. पहिल्या दिवशी खोकला निम्म्यावर आला, दुसऱ्या दिवशी दोघांचाच उरला. तिसऱ्या सकाळी दुल्माने कुमैताच्या बरगड्यांना कान लावला. आत नुसता श्वास होता, मोठा, स्वच्छ, नदीसारखा. दुपारी फोन आला: दुसरे नमुनेही कोरे. तिने निरंक लिहिलं, खाली कारणही लिहिलं, आणि सही ठोकली.

शर्यतीच्या सकाळी गोंचिगने भोंग्यावरून "आमच्या दक्षतेमुळे" असं काहीबाही सांगितलं. दुल्मा ऐकायला थांबली नाही. दवाखान्यासमोर चार उस्ताद घोड्यांवरून उतरले होते, एकमेकांकडे पाठ करून.

सगळ्यात म्हातारा खाकरला. "डॉक्टरीणबाई, आमच्या ठाण्यांत पण येऊन बघ. आत. पण एकेकाच्या. आणि याचं त्याला सांगायचं नाही."

"धूप घालता?"

चौघांनीही खाली पाहिलं.

"गाढवांनो," दुल्मा म्हणाली आणि काड्यांची पिशवी खांद्याला लावून पहिल्याच्या मागे निघाली.