कादंबरीचं पारायण

सोनईत बनुबाईंच्या ओट्यावर दुपारी पोथी लागते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण यंदा पोथी संपली, बायांचे कान रिकामे पडले, आणि बनुबाईंची लेक पूजा कॉलेजातून एक जाडजूड कादंबरी घेऊन आली. "ही वाचते, चालंल?" न चालायला काय झालं! बायांनी पाटावर लाल कापड अंथरलं, कादंबरी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. बनुबाईंना घोर एकच, बत्तीस वर्षांच्या लेकाचं, ओंकारचं लग्न. सवयीप्रमाणे त्यांनी तळहातावरून पाणी सोडलं आणि खणखणीत संकल्प केला, "ह्यात जे भलं घडंल ते माझ्या घरात घडू दे!"

पूजा "अगं आई, अगं आई" करत राहिली. ऐकतंय कोण?

कादंबरी निघाली ऊसतोडीची. कोरड्या मुलखातून टोळी येते, बागायतदाराच्या रानात पाचटाच्या कोप्या टाकते, आणि टोळीतल्या पोरीवर बागायतदाराचा पोरगा जीव टाकतो. आणि त्याची आई? अगं बाई बाई! जात वेगळी, मुलूख वेगळा, म्हणून टोळीच्या बायांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देईना. चहा द्यायचा तोही वरून ओतून. बनुबाई तर असल्या भडकल्या की काय सांगावं. "मुडदा बशिवला त्या सटवीचा! मानसं न्हाईत व्हय ती?" शेजारची दगडाबाई पदरानं नाक पुसून पुसून लाल करून बसली. चुलीवर दूध दोनदा उतू गेलं, पण पारायणाचा नेम म्हणजे नेम, अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही. नवव्या दिवशी ती पोरगी सून म्हणून घरात आली, तेव्हा बनुबाईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

तोच मुहूर्त ओंकारनं साधला. "आई, मला सुकन्या करायची हाय."

"दवाखान्यातली नर्स? लई ग्वाड पोरगी! मला इंजेक्शन दिलं तर कळलंसुदिक न्हाई. कुनाची रं?"

"पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला यायचे."

बनुबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. "पुस्तकातलं येगळं अस्तंय, ओंकार."

"व्हय का?" दगडाबाई फिस्सकन हसली. "मंग नऊ दिस मुडदा कुनाचा बशिवला? आन् संकल्प कुनी सोडला, म्या?"

झालं! बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. बनुबाई कात्रीत सापडल्या. दोन दिवस भाकरी थापतानासुद्धा आदळआपट. पण तिसऱ्या दिवशी नवंकोरं लुगडं नेसून, नारळ-साडी घेऊन, ओंकारसोबत पाथर्डीकडं जायला जीपमध्ये चढल्या, आणि आपल्याच मोठेपणानं त्यांना अशी काही झिंग चढली की रस्ताभर तोंड म्हणून थांबलं नाही. "मी न्हाई हं त्या सटवीसारखी! बघ, पोरीची आई माझ्या पायाच पडती का न्हाई."

कडूबाई, म्हणजे सुकन्याची आई, पाया पडली नाही. तिनं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पोरीच्या पगारातून नुकतंच रंगवलेलं.

"आमाला जातपात कायबी न्हाई," बनुबाईंनी जाहीर केलं. "तुमची पोर आमी पदरात घेतली!"

"असं व्हय," कडूबाई म्हणाली. "पोरगा काय करतो?"

"बारा एकर बागाईत हाय!"

"त्ये म्हाईत हाय. पोरगा काय करतो? पोरीला दवाखान्यात रातपाळी अस्ती. घरात कामाला हात लावतो का?"

"अंडी उकडतो," ओंकार घाईघाईनं म्हणाला. दाराआड सुकन्या तोंडावर ओढणी दाबून गदागदा हसत होती.

बनुबाईंचे कान तापले. द्यायला म्हणून आलो आणि ही तर आपलीच परीक्षा घ्यायला बसली! "बारा एकर तुमाला कसं म्हाईत?"

"म्हंजी? सा सीझन तोडलाय की तुमचा ऊस. इहिरीकडचा फड, वढ्याकडचा फड."

बनुबाईंनी त्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. पुन्हा पाहिलं. काही केल्या ओळख लागेना. पुस्तकातल्या बाईसाठी नऊ दिवस डोळे गाळले, आणि सहा वर्षं आपल्या रानात राबलेली ही बाई आठवू नये? "तुमचं नाव काय म्हनला?"

"कडूबाई. तवा तुमी इचारलं नव्हतं. 'ए टोळीवाली' म्हनायच्या." ती चिडून बोलली नाही, उलट हसली. त्या हसण्यानं बनुबाईंना अशी लाज वाटली की मान वर होईना.

"चुकलं माझं, कडूबाई," त्या हळूच म्हणाल्या. "आता तुमी सांगा. पोरगी देता का?"

"घर बघायला येऊ. मंग सांगू."

"घर तर बघितलंय तुमी."

"बाहेरून," कडूबाई म्हणाली. "सा सीझन बाहेरूनच. आता आतून बघू."

"या. आयतवारी या," बनुबाई म्हणाल्या. नारळ-साडीची पिशवी कडूबाईनं राहू दिली नाही, ती तशीच मांडीवर घेऊन त्या जीपमध्ये बसल्या. पाथर्डी मागं पडली, तिसगाव मागं पडलं.

मग बारीक आवाजात त्यांनी ओंकारला विचारलं, "हो म्हनतील का रं त्या?"