दोनशेतीस कुणी मोजले?

हाजिया झुवेरा तिसऱ्यांदा माझ्या दुकानात आल्या, तेव्हा हीटर त्यांनी हातात दिला नाही. जमिनीवर टाकला.

"नापारी, पेटीत गिनी कोंबडीची सहाशे अंडी आहेत. आज अकरावा दिवस. दुपारी पारा चौतिसाच्या वर चढत नाही. पिल्लं आतल्या आत मेली ना, तर सावेलुगूपासून तामालेपर्यंत प्रत्येक दारात तुझं नाव घेऊन रडेन."

"हाजिया, परवा तुमच्यासमोर लाल करून दाखवला की!"

"तुझ्याकडे लाल होतो, माझ्याकडे मरतो. माझ्या घराला काय शाप लागलाय?"

हीटरची कॉइल माझ्या हातची. आमच्या भागात अंडी उबवायच्या निम्म्या पेट्यांत माझ्याच कॉइली आहेत. शाळेनं मला सहावीत हाकललं, पण गुणाकार-भागाकार मी तिथं सोडून आलो नव्हतो. मीटर, एक जादा कॉइल, जाड वायर आणि पक्कड पिशवीत टाकली आणि हाजियांच्या मागोमाग मोटरसायकल काढली.

घरी त्यांचा भाचा ताहिरू आमची वाटच बघत होता. डिप्लोमावाला. हीटर पेटीत बसवून चालू केला, तर यानं वायरभोवती आपला चिमटा-मीटर अडकवला आणि असा हसला, की कानाखाली वाजवावीशी वाटली.

"मास्टर, सापडलात. करंट तीन अँपिअर. दोनशेतीस भागिले तीन, सत्त्याहत्तर ओहम. हजार वॉटच्या हीटरला त्रेपन्न लागतात. तार बारीक घातलीत तुम्ही. वॉट भरतात सहाशे नव्वद. लोकांना हजार सांगता?"

डिप्लोमावाल्यानं आकडा फेकला, की आमच्यासारखा माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. आपल्याला तशीच सवय लावलीय या लोकांनी. माझ्या दुकानात तारेची दोन रिळं एकाच खिळ्याला टांगलेली असतात, एक जाड, एक बारीक. हात चुकला असेल का? चुकला असेल तर किती कॉइलींत? किती बायकांची अंडी?

हाजियांनी पेटीतलं एक अंडं काढून गालाला लावलं आणि डोळे मिटले. ते मला शिव्यांपेक्षा वाईट लागलं.

नजर चुकवायला वर पाहिलं. छताचा पंखा फिरत होता, पण पाती मोजता येत होती.

"हाजिया, हा पंखा कधीपासून असा रडतोय?"

"गेल्या जुम्म्यापासून. कोपऱ्यावर दोन नव्या गिरण्या लागल्यात ना. दिवसभर दळण. संध्याकाळी त्या बंद झाल्या की पळतो."

"आणि पेटी?"

"पहाटे बरोबर सदतीस-साडेसदतीस असते. नऊ वाजले की उतरायला लागते."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आमच्या धंद्याची खोडच ही. गिऱ्हाईक वस्तू दुकानात आणतं, आम्ही दुकानातल्या विजेवर तापवतो आणि म्हणतो, घेऊन जा, ठीक आहे. माझं दुकान ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी. तिथं वीज पूर्ण दाबानं येते, काहीही तापेल. मीटर घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी कुणी जात नाही. मीसुद्धा नाही.

"ताहिरू, व्होल्टेज किती?"

"दोनशेतीस."

"मोजलंस का, विचारतोय."

"मोजायचं काय त्यात? हीटरवर लिहिलंय की!"

"गाढवा, हीटरवरचं ते मीच लिहिलंय!"

हाजियांना हसू फुटलं. अंडं पडता पडता वाचलं.

मीटर लावला. एकशेसाठ. चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर भागाकार मांडला. एकशेसाठ भागिले तीन. उत्तर आलं त्रेपन्न.

पुन्हा मांडलं. त्रेपन्नच.

मी तिथंच मातीत बसलो. तार बरोबर होती. सगळ्या कॉइली बरोबर होत्या. मग गुणाकार केला. एकशेसाठ गुणिले तीन, चारशेऐंशी वॉट. हजाराचा हीटर निम्मंही काम करत नव्हता, आणि दोष त्याचा नव्हताच.

"तू न मोजलेल्या आकड्यानं मला चोर ठरवलंस," मी ताहिरूला म्हणालो. "आता ही वायर धर."

पिशवीतली दुसरी कॉइल पहिलीच्या शेजारी समांतर जोडली. ताहिरूचा चेहरा उतरला होता, पण डोकं चालू झालं होतं.

"मास्टर, रात्री गिरण्या बंद झाल्यावर दोनशेतीस येईल. तेव्हा दोन हजार वॉट होतील!"

"होतील. म्हणून वायर जाड घालतोय. आणि साडेसदतीस झाले की थर्मोस्टॅट वीज तोडेलच."

चालू केलं. दोन कॉइलींच्या ओढीनं व्होल्टेज एकशेबावन्नवर आलं, करंट पाच पूर्णांक सात. या वेळी ताहिरूनं दोन्ही आकडे मीटरवर वाचले आणि मगच भिंतीवर लिहिलं. आठशे सहासष्ट.

मग नुसती वाट पाहणं. पस्तीस. छत्तीस. गिरण्या घरघरत होत्या. सदतीस. पारा अडला. हाजियांनी माझं मनगट धरलं.

टक्.

थर्मोस्टॅटनं हीटर बंद केला. आठवडाभर दिवसाउजेडी त्या घरात हा आवाज आला नव्हता. हाजियांनी घोंगडी डोक्यावर ओढली आणि आत टॉर्चवर अंडं धरलं.

"हाजिया?"

"गप. हलतंय." आतून हुंदका आला. त्यांनी एकामागून एक वीस अंडी पाहिली. अठरांत जीव होता.

घोंगडीतून बाहेर आल्या तेव्हा ओढणी घामानं चिकटली होती. "ताहिरू, आत जा. तुओ झाफीचे गोळे आण, अंबाडीचा रस्सा गरम कर. मास्टरला आधी वाढ." मग माझ्याकडे वळल्या. "आणि मला दोन वेळचं वाढायला सांग त्याला. कालपासून घशाखाली घास उतरला नाही."